कोपरा नसलेला खळगा

४ फेब्रुवारी

चि. टिंबूस,

मामाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पाकीट काल पोचलं. तुझ्या आईने ते कात्रीने उघडलं, कारण मी उघडलं की पाकिटाबरोबर आतला कागदही फाटतो आणि मग बाईसाहेब मला आठवडाभर ऐकवतात. आत काय, तर मंगळावरचा दगड! तुम्ही तिथे पाठवलेल्या गाडीने उभं राहून काढलेला फोटो, आणि तो आमच्या जेवणाच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. मी कप लांब ठेवला. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यावर डाग नको.

हे सगळं तू फोनवर सांगू शकली असतीस, असं तुझी आई म्हणते. पण छापखान्यातल्या यंत्रांनी माझे कान कधीच खाल्ले. फोनवर मला 'हॅलो' तेवढं कळतं, पुढचा सगळा वारा. पत्र कसं, हळू बोलतं पण ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. फोटो मी खिडकीपाशी नेला आणि प्रूफ बघावं तसा जुन्या सवयीने नीट बघितला. टिंबू, त्या दगडावर कुणीतरी आहे! बारीक, फुगीर, लांबट आकार. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे वाटतात. काही एकेकटे, काही एकमेकांवर आडवे पडलेले, आणि डाव्या कोपऱ्यात दोघं असे टेकून बसलेत जसे शाळा सुटल्यावर कट्ट्यावर दोन मित्र. दगडात असं फुगून वर आलेलं कोण असतं? शंख, किडे, अळ्या. कधीकाळी जिवंत असलेलं कुणीतरी.

मी चौथीच्या पुस्तकाची पानं जुळवायचो तेव्हा त्यात एक कविता होती. एक मूल आईला विचारतं, त्या तांबड्या ताऱ्यावर कुणी राहतं का ग? आई म्हणते, झोप आता. मी शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ती कविता ओळीत बसवली, आणि संपेपर्यंत डोक्यात एकच, की ही आई उत्तर का देत नाही! इतक्या वर्षांनी तू उत्तर पाकिटात घालून पाठवलंस असं वाटतंय. खरं सांग, जीवाश्मच ना हे?

तुझ्या आईलाही दाखवलं. शिलाई मशीन थांबवून तिने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तांदळातल्या अळ्या आहेत ह्या. डबा उन्हात ठेवा म्हणावं."

तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. आईला सांग, मंगळावर ऊन आहे पण फार कमी आहे, आणि सध्या आमचा सगळा जीव त्या उन्हातच अडकलाय.

आमची गाडी उन्हावर चालते. एका चाकात काहीतरी अडकलंय म्हणून ती त्या दगडापाशी उभी आहे, तपासणी चालू आहे. पण तिथे थंडी सुरू होतेय, सूर्य खाली खाली चाललाय. थंडीआधी गाडी पलीकडच्या चढावर, सूर्याकडे तोंड असलेल्या उतारावर पोचली नाही, तर ती कायमची झोपेल. म्हणजे चाक ठीक झालं की निघायचं. आणि एकदा निघालो की मागे फिरायचं नाही, तेवढी वीजच नसते.

प्रत्येक मुक्कामाचा अहवाल आमच्यापैकी एकाने लिहायचा, आणि इथलं काम संपलं की नाही ते बैठकीत उभं राहून सांगायचं, अशी आमच्या बाईंची पद्धत आहे. बाई म्हणजे आमच्या प्रमुख. हा मुक्काम माझा आहे. माझा पहिलाच. त्यामुळे 'जीवाश्म' हा शब्द माझ्यासमोर जरा जपून वापर. माझ्याआधी एकजण होता, त्याने एका गोल दगडाबद्दल 'हे अंडं असू शकेल' असं लिहिलं. दगड फोडून बघितला, दगडच होता. तो आता दुसऱ्या खात्यात आहे आणि तिथेही त्याला अंडेवाला म्हणतात. परवा त्याच्या मुलीने शाळेत वाढदिवसाला चॉकलेटं वाटली, तर आमच्यातला एकजण म्हणाला, अंडी का नाही वाटली?

लोकांना मंगळावर आजवर चमचा दिसलाय, ससा दिसलाय, दरवाजा दिसलाय. डोळा ओळखीचं शोधतो, मामा. तुला कवितेतलं दिसलं.

पण एक कळलं नाही. तू म्हणतोस ते 'फुगीर' कुठे आहे? मला तर त्या दगडावर नुसते लांबट खळगे दिसतात. वाऱ्याने वाळू मारून मारून मऊ जागा कोरून काढल्यात, असं आमच्याकडे सगळ्यांचं मत आहे. मीही तेच लिहिणार आहे.

तुझी,
टिंबू


१९ फेब्रुवारी

चि. टिंबूस,

आशीर्वाद. खळगे? कुठले खळगे?

तू दोन पाकिटं भरलीस आणि माझं दुसऱ्याला गेलं, असं तर नाही ना झालं? माझ्याकडच्या दगडावर एकही खळगा नाही. आता टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, येताजाता बघतो. फुगीर म्हणजे फुगीर! एकेकाची पाठ उजेडात चमकतेय आणि पोटाखाली सावली आहे. काल मी वेड्यासारखं फोटोवरून बोटसुद्धा फिरवून पाहिलं. गुळगुळीत कागद लागला. तुझ्या आईने ते बघितलं आणि म्हणाली, "हात धू, मंगळ लागला असेल."

आता तू म्हणशील, मामाचे डोळे गेले. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तुझ्या आईच्या सुईत दोरा मीच ओवून देतो. तिलाही फुगीरच दिसतात. विचार तिला. ती माझ्या बाजूने बोलण्याचा प्रसंग आयुष्यात फार वेळा आलेला नाही, तेव्हा साक्ष पक्की समज.

आणि हे 'सगळ्यांचं मत आहे' वगैरे मला सांगू नकोस. आमच्याकडे ज्या पानावर चार जणांच्या सह्या असायच्या, सगळ्यात मोठी चूक त्याच पानावर निघायची. पहिल्याने दुसऱ्यावर सोडलेलं असायचं आणि दुसऱ्याने पहिल्यावर. एकदा भूगोलाच्या पुस्तकात सूर्य पश्चिमेला उगवला आणि चार सह्यांनिशी उगवला. तुमच्या त्या मोठ्या खोलीत फोटोकडे स्वतः होऊन नीट बघितलंय कुणी?

रागावू नकोस. म्हाताऱ्याला फार दिवसांनी भांडायला काहीतरी चांगलं मिळालंय.

मामा


२५ फेब्रुवारी

मामा,

तू फोटो कसा धरला आहेस?

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आधी हसले, मग घास हातातच राहिला. मला तुझा छापखाना आठवला. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचे. तू हातातल्या पट्टीत खिळे लावायचास आणि लावलेली ओळ डोकं खाली, पाय वर अशी वाचायचास. अक्षरं जुळवणारे सगळेच जुळारी तशी वाचतात, असं तूच सांगितलं होतंस. पण तू ती सवय घरी घेऊन यायचास! लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, माझं प्रगतिपुस्तक असो, तपासायचं म्हटलं की आधी उलटं. आई ओरडायची. तू म्हणायचास, "सुलट धरलं की माणूस वाचतो, उलटं धरलं की बघतो."

मी समोरचा फोटो उलटा केला. मामा, मी खुर्चीतून उठले. सगळे खळगे टुणकन वर आले. पाठी, पोटं, ते टेकून बसलेले दोन मित्र. 

कारण साधं आहे. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय. फोटो उलटा केला की उजेड खालून येतो, डोळ्याला ते पटत नाही, मग तो उजेड वरूनच आहे असं धरून चालतो आणि खड्ड्याचा डोंगर करतो. खरं काय ते ठरवायला त्या वेळी सूर्य कुठे होता ते बघावं लागतं, आणि ते आमच्याकडे लिहिलेलं असतं. मी दोनदा तपासलं. खळगेच आहेत. तू चुकलास. आईपण चुकली, कारण तिने तुझ्याच टेबलावर बघितलं.

फोटोच्या मागे 'वर' असं लिहून पाठवायला हवं होतं, ही माझी चूक. पण तुझी चूक मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीये. का ते अजून मलाच नीट कळलेलं नाही. चाकाचं काम झालंय. बैठक पुढच्या आठवड्यात.

टिंबू


३ मार्च

चि. टिंबूस,

आशीर्वाद. काच उचलली, फोटो फिरवला आणि बघतो तो काय, सगळे आत! एक म्हणून पाठ शिल्लक नाही. पुन्हा फिरवला, आले बाहेर. पुन्हा फिरवला, गेले. असं किती वेळ केलं असेल देव जाणे. शेवटी तुझी आई म्हणाली, "दादा, त्यांना सुखाने एका जागी राहू दे की रे."

तर मी हरलो. हरकत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एखादी माझीही निघायला हवी होती. खळगा म्हणजे जिथे काही नाही तो. जिथे काही नाही, तिथे कोण राहणार?

तू लिही तुझं वाऱ्याचं, सगळ्यांनी म्हटलंय तसं, आणि गाडीला चढाला लाव. त्या अंडेवाल्याची गोष्ट मी विसरलेलो नाही. म्हाताऱ्याच्या हौसेपायी तुझ्या नावामागे काही चिकटायला नको. आणि तुझ्या आईला गाडीची काळजी लागलीय. ती रोज विचारते, निघाली का? जशी काही गाडी तिच्या माहेरी यायचीय.

फोटो काचेखालीच आहे. आता सुलट.

मामा


४ मार्च

मामा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. बैठक आज झाली.

तुझी चूक का डोक्यात बसली ते मला परवा अंघोळ करताना कळलं. तुला ते उंच दिसले आणि तू पहिल्याच झटक्यात विचारलंस, हे कोण? आम्हाला ते खळगे दिसले आणि आम्ही काहीच विचारलं नाही. वारा म्हटलं आणि पुढे गेलो. आणि ह्यात माझीच सगळ्यांत जास्त चूक, कारण मी हेच शिकलेय! चिखलात काहीतरी, समजा एखादा शिंपला, रुतून बसतं, चिखलाचा दगड होतो, मग ते काहीतरी विरघळून जातं आणि त्याच्या आकाराचा खळगा राहतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात हे. खळगा म्हणजे 'काही नाही' नव्हे, मामा. खळगा म्हणजे 'काहीतरी होतं'.

शिवाय वारा एका दिशेने कोरतो. हे खळगे चहूकडे तोंडं करून पडलेत. वारा काय गोल गोल फिरत बसला होता?

मग होतं काय? दोन शक्यता. एक, खडे, म्हणजे साखरेचे किंवा मिठाचे बनतात तसे, पाणी आटताना चिखलात वाढलेले. दुसरी शक्यता तुझी. फरक टोकांना कळेल. खड्याच्या टोकाला कोपरे असतात, जिवाला नसतात. पण आमच्या फोटोत टोकं सावलीत बुडालीत. सूर्य अगदी खाली असताना, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी, असे आडव्या उजेडात फोटो काढले तर दिसतील. म्हणजे गाडीने आणखी थांबायचं, आणि वीज खर्च करायची.

मी उभी राहिले आणि हे सगळं बोलले. 

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुला जीवाश्म वाटतात?"

"नाही."

"मग वारा वाटतो?"

"नाही."

"मग तुला वाटतं तरी काय?"

"वाटत काही नाही. बघायचंय."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अंड्याला भाऊ झाला." सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. वीज सांभाळणाऱ्याला विचारलं, जमेल का? तो डोकं खाजवत म्हणाला, जमेल, पण मग चढावर एकदासुद्धा चाक घसरून चालणार नाही. बाई माझ्याकडे वळल्या. "घसरलं तर गाडी गेली. वीस जणांची कितीतरी वर्षं गेली. थांबा म्हणणारी तू असशील. चालेल?"

मामा, मी हो म्हटलं. म्हणून टाकलं आणि मग घाबरले.

आजच संध्याकाळी कॅन्टीनमध्ये माझं बारसं झालं. शिंपलेवाली. कल्पना तुझी असं मी कुणाला सांगितलं नाही. ती तुझी नव्हतीच, तुझी फक्त चूक होती.

टिंबू


१० मार्च

चि. टिंबूस,

आशीर्वाद. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी माघार लिहिली तेव्हा तू पुढे निघाली होतीस. टपालवाल्याच्या पिशवीत दोन्ही शेजारी बसली असती तर भांडली असती.

तुझं पत्र तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'चालेल? हो' इथे आल्यावर तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. मला वाटलं आता माझ्यावर तोफ डागणार, की तुझ्या नादाने पोरगी हे करून बसली. तर म्हणाली, "लहानपणी ही झोपाळ्यावरून उडी मारायची ना, तेव्हा आधी मारायची आणि मग रडायची. तस्सं झालं हे." आणि नाक ओढून पुन्हा शिवायला लागली. उलट्या बाजूने शिवलं, मग उसवत बसली.

'लिही तुझं वाऱ्याचं' असं मी लिहिलं ते मनापासून नव्हतं, हे तू ओळखलंच असशील. लिहिताना डोळा फोटोवर होता. पण मला हौस आहे म्हणून तू उडी घ्यावीस, हे कुठल्या मामाला लिहिता येईल?

आता मात्र काही सुचत नाही. काय दिसलं ते नंतर सांग. आधी एवढंच लिही, की गाडी चढली का.

मामा


२१ मार्च

प्रिय मामा, आणि आई,

गाडी चढली.

आधी हेच लिहायचं ठरवलं होतं. अर्ध्या चढावर ते दुखरं चाक फिरायचं थांबलं, आणि उरलेल्या चाकांनी त्याला फरपटत नेलं, लंगड्या माणसासारखं. आम्हाला हे कळतं ते सगळं होऊन गेल्यावर, कारण तिथून बातमी यायला वेळ लागतो. म्हणजे आम्ही पडद्यासमोर बसलो होतो तेव्हा ती एकतर चढलेली होती किंवा अडकलेली होती, फक्त आम्हाला माहीत नव्हतं. वर पोचल्याची खूण आली तेव्हा वीज सांभाळणारा टेबलावर डोकं ठेवून बसला. मी त्याला पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "शिंपलेवाली, पुन्हा तुझा मुक्काम आला की मी रजेवर."

आता फोटो. आडव्या उजेडात टोकं दिसली. कोपरे आहेत, मामा. सुरीने कापल्यासारखे, नीट, सरळ कोपरे. खडेच होते. एक तळं आटलं, चिखलात खडे वाढले, चिखलाचा दगड झाला. मग फार काळाने दगडातून पुन्हा पाणी वाहिलं आणि खडे विरघळवून घेऊन गेलं. म्हणजे पाणी तिथे एकदा नाही, दोनदा आलं. आमच्याकडे सगळे ह्याने फार खूश आहेत. बाई तर शिटी वाजवत जिना उतरल्या, असं शिपाई सांगत होता. पण तुला मी सरळ सांगायला हवं. कुणी राहत नव्हतं. ते दोन मित्र म्हणजे दोन खडे होते.

आता एक शेवटचं. दगडाच्या कडेला एक खळगा आहे, इतरांपेक्षा लहान, किंचित वाकलेला. त्याची दोन्ही टोकं गोल आहेत. एकही कोपरा नाही. कदाचित खडाच असेल आणि कोपरे वाळूने घासून गेले असतील. तसं म्हणणं सोपं आहे, आणि बहुतेक तसंच असेल. पण शेजारच्यांचे कोपरे का नाही घासले? मी किती दिवस त्याच्याकडे बघितलं. सुलटं, उलटं, आडवं. मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येत नाही. आणि गाडी आता परत जाणार नाही.

अहवालाच्या शेवटी मी लिहिलं: 'एक सोडून सगळ्या खळग्यांना कोपरे आहेत. त्या एकाचं कारण आम्हाला माहीत नाही.'

बाई म्हणाल्या, "शेवटचं वाक्य काढ. लोक तेवढंच वाचतील, आणि उद्यापासून दारात गर्दी."

मी म्हटलं, "पण ते खरं आहे."

"खरं आहे म्हणून काय सगळं लिहायचं? त्या एकासाठी तुझं नाव आयुष्यभर ह्या शिंपल्याला बांधलं जाईल."

"बांधू दे."

त्यांनी आपलं पेन काढलं. मग माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "मग सही तू एकटीने कर. मी मधे येत नाही."

केली. काल अहवाल गेला. तुझ्या मनासारखं उत्तर आणता आलं नाही, मामा. रागावू नकोस.

टिंबू


२७ मार्च

चि. टिंबूस,

तुला आणि तुझ्या लंगड्या गाडीला आशीर्वाद.

रागावू कशाला? थोडा उदास झालो, ते खोटं कशाला सांगू. दोन मित्रांची मला सवय झाली होती. पण जिथे आपल्यासाठी कुणी थांबलेलं नाही, तिथे पाणी दोनदा येऊन गेलं, हे मनात घोळवत मी आज बागेपर्यंत गेलो आणि बागेत न जाताच परत आलो. लक्षातच राहिलं नाही.

तुझं ते वाक्य मात्र मला सोडत नाही. मी शाळेची किती पुस्तकं जुळवली! गणित, भूगोल, विज्ञान, कविता. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर. उत्तर नसेल तर प्रश्नच गाळलेला. 'आम्हाला माहीत नाही' ही ओळ माझ्या हातून एकदाही गेली नाही. कुणी लिहून पाठवलीच नाही. पाठवली असती तर मी ती फार जपून बसवली असती, दोन्ही बाजूंना भरपूर कोरी जागा सोडून.

मला कविता पाठ होतात हे तुला ठाऊक आहे. यमक असलं की पटकन होतात. तुझ्या वाक्याला यमक नाही, ताल नाही, चाल लावू म्हटलं तर लागत नाही. तरी सकाळी उठलो तर पाठ झालेलं होतं.

तुझी आई कापड कापत होती. तिला म्हटलं, ऐक, तुझ्या लेकीने काय लिहिलंय. आणि म्हणून दाखवलं. 'एक सोडून सगळ्या खळग्यांना कोपरे आहेत. त्या एकाचं कारण आम्हाला माहीत नाही.'

ती म्हणाली, "पुढे?"

मी म्हटलं, "पुढे काही नाही. एवढंच आहे."

कात्री तिने खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हणणार, एवढं लांब जाऊन एवढंच? पण ती खिडकीबाहेर बघत बसली.  माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दादा, पुन्हा म्हण."

तुझा,
मामा